धावून जाणे

मराठी भाषेत ‘धावून जाणे’ असा एक अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. शेजारच्या घराला आग लागली अथवा एखादे मूल पाण्यात पडले, की लोक हातातले काम टाकून मदतीला धावून जातात. भक्तसुद्धा संकटसमयी देवाचा ‘धावा’ करतो. धावणे आणि साहाय्य करणे या दोन गोष्टींची आपल्या भाषेने फार पूर्वीच अशी सांगड घातली आहे.

परंतु संकट आल्यावर धावणे निराळे आणि संकट येऊ नये म्हणून धावणे निराळे. पहिल्या धावण्यास धैर्य लागते, दुसऱ्यास चिकाटी लागते. विठ्ठलवाडीच्या परिसराकडे पाहिले म्हणजे हा भेद चटकन ध्यानात येतो.

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघाले, की पहिले स्थानक लागते ते विठ्ठलवाडीचे. त्यापुढचे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या भागात लष्कराची छावणी होती. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांना छावणीच्या बराकींत आसरा मिळाला. त्यांच्या कष्टांतून उल्हासनगर उभे राहिले. याच भागातून वालधुनी नदी वाहते. इसवी सन १०६० मधील अंबरनाथचे शिवमंदिर तिच्याच काठी आहे. तेथून ती उल्हासनगरमार्गे कल्याणकडे जाते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबई व ठाणे परिसरात प्रलयंकारी पाऊस झाला. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उल्हास आणि वालधुनी या नद्यांना पूर आला, घराघरांत पाणी शिरले. त्या रात्री माणसे माणसांच्या मदतीला धावली. पाऊस तर अलोट होताच. पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांमुळे पाण्याची वाट अडली, ही गोष्टही त्या वेळी सर्वांच्या लक्षात आली.

एक पिशवी म्हणजे किती क्षुल्लक वस्तू! वाऱ्याने ती रस्त्यावरून गटारात जाते. पहिल्या पावसात ती वाहत जाऊन मोरीच्या तोंडाशी अडकते. मग तिच्या मागे पालापाचोळा साचतो, पाल्यामागे गाळ साचतो. अखेर पाण्याला वाट उरत नाही, आणि ते उंबरठा ओलांडून घरात येते. ती पिशवी रस्त्यावर असतानाच कोणी उचलली असती तर? महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अशा पिशव्यांवर बंदी घातली. पण रस्त्यावर पडलेली पिशवी केवळ कायद्याने उचलली जात नाही. त्यासाठी कोणाला तरी वाकावेच लागते.

असे वाकण्याची थोर परंपरा महाराष्ट्राला आहे. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) एखाद्या गावी गेले, की प्रथम खराटा हाती घेऊन गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तन करीत. झाडणे हे हलके काम नव्हे, हे त्यांनी बोलून नव्हे, तर करून दाखविले.

हेच काम धावण्याशी जोडण्याची कल्पना दूरच्या स्वीडन देशात निघाली. एरिक आल्स्ट्रॉम नावाच्या गृहस्थाला स्टॉकहोम शहरातील कचरा पाहून वाईट वाटले. २०१६ मध्ये त्याने मित्रांना जमवून धावता धावता कचरा उचलण्याचा उपक्रम सुरू केला. ‘उचलणे’ आणि ‘धावणे’ या अर्थाचे दोन स्वीडिश शब्द जोडून ‘प्लॉगिंग’ हा नवा शब्द तयार झाला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी, महात्मा गांधींच्या दीडशेव्या जयंतीदिनी, भारतातही ठिकठिकाणी लोक असे धावले.

इंग्लंडमधील लंडन शहरात याआधीच, २००९ मध्ये, आणखी एक रीत सुरू झाली होती. तेथे तरुण मंडळी घोळक्याने धावत एखाद्या सार्वजनिक बागेत जातात, माती वाहणे, तण काढणे अशी कामे करतात आणि धावतच परततात. काही जण एकाकी वृद्धांच्या घरापर्यंत धावत जाऊन त्यांची विचारपूस करतात. गंमत अशी, की त्या वृद्धांनाच ते आपले ‘प्रशिक्षक’ म्हणतात! कारण आपली कोणी तरी वाट पाहत आहे, हे ठाऊक असले की आळसाला जागा उरत नाही.

विठ्ठलवाडीच्या दहा-बारा मुलांनी दर रविवारी सकाळी असे धावायचे ठरविले, तर ते अवघड नाही. बरोबर एक शिक्षक अथवा पालक असावेत. हातांत मोजे व पाठीवर गोणी असावी. सावकाश धावावे, कचरा दिसला की गुडघ्यांत वाकून तो उचलावा आणि पुढे निघावे. यायोगे पाय, मांड्या व कंबर या सर्वांना व्यायाम घडतो. फुटकी काच, सुया व औषधांच्या बाटल्या यांना हात लावू नये. ते काम मोठ्यांचे. रेल्वेमार्गावर आणि नदीच्या पाण्यात कधीही उतरू नये. कारखान्यांतून व गटारांतून नदीत येणारी घाण मुलांच्या गोणीत मावणारी नाही. ती रोखणे हे शासनाचे, नगराचे आणि कारखानदारांचे कर्तव्य आहे. परंतु ज्याने रस्त्यावरची पिशवी उचलली आहे, त्याला मोठेपणी त्या कर्तव्याची आठवण करून देण्याचा अधिकार प्राप्त होतो.

पहिल्या रविवारी वीस मुले येतील, चौथ्या रविवारी कदाचित चारच उरतील. खरी परीक्षा त्या चौघांची आहे. पावसाळा येईल, गल्लीतले गटार भरून वाहील; पण त्याची वाट मोकळी राहिली, तर पाणी पुढे निघून जाईल. त्या दिवशी कोणीही त्या मुलांचे कौतुक करणार नाही. न आलेल्या संकटाबद्दल कोण कोणाचे आभार मानतो? तरीही पुढच्या रविवारी ती चौघे वेळेवर हजर असतील, तर तीही मदतीला धावूनच गेली, असे म्हटले पाहिजे.

स्वाध्याय

१. संकट आल्यावर धावणे आणि संकट येऊ नये म्हणून धावणे, यांत कोणता फरक आहे?
२. एका पिशवीमुळे गटार कसे तुंबते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. लंडनमधील तरुण वृद्धांना ‘प्रशिक्षक’ का म्हणतात?
४. ‘खरी परीक्षा त्या चौघांची आहे,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
५. वाक्यांत उपयोग करा : धावून जाणे, सांगड घालणे, ध्यानात येणे.