काळ्या बाहुलीमागचा पडदा

शेजारी बसलेल्या मित्राच्या डोळ्यात पाहा. बाहुली काळीकुट्ट दिसते. वास्तविक तिच्यामागचे दृष्टिपटल तांबूस-नारिंगी असते. ते दिसत नाही, कारण आत गेलेला प्रकाश आल्या वाटेनेच परत फिरतो. तो पाहण्यासाठी आपला डोळा दिव्याच्या जागी हवा. आणि डोके तेथे नेले की उजेडच अडतो! १८५१ साली हेल्महोल्ट्झने यावर तोड जाहीर केली. तिरप्या काचेवरून परावर्तित झालेला प्रकाश रोग्याच्या डोळ्यात सोडायचा आणि त्याच काचेतून आरपार पाहायचे. (हेल्महोल्ट्झ शिकला वैद्यकी, पण रमला पदार्थविज्ञानात, म्हणून आम्ही त्याला आमचाच मानतो.)

दृष्टिपटलाला जंतुसंसर्गाने सूज आली की या युक्तीचे मोल कळते. दृष्टिपटल दुखत नाही. धूसर दिसणे, डोळ्यांपुढे ठिपके तरंगणे, एवढीच बहुधा तक्रार. दुसरा डोळा चांगला असेल तर तीही लवकर ध्यानात येत नाही.

थंडीतल्या पहाटे कारंजा (घाडगे) येथे नागपूर-अमरावती रस्त्यावर धुके असले, तर समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा फुगलेल्या पांढऱ्या गोळ्यासारखा दिसतो. टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीने केलेली जखम डॉक्टरांना तशीच दिसते. तिला ‘धुक्यातला दिवा’च म्हणतात. येथे धुके म्हणजे डोळ्यातील पारदर्शक गरात उतरलेल्या पेशी. त्या प्रकाश विखुरतात. शेजारी जुना काळपट वण असेल तर निदानाला चांगलाच आधार मिळतो. हा परजीवी मांजराच्या आतड्यात वाढतो. माती, न धुतलेली भाजी वा कच्चे मांस यांतून माणसात येतो, कधी आईकडून गर्भातील बाळालाही मिळतो.

पण सारे पांढरे डाग टॉक्सोप्लाझ्माचे नसतात. नागिणीचा विषाणू पटलाच्या कडेकडून आत सरकत काही दिवसांत ते नष्ट करू शकतो. शंका राहिली तर डोळ्यातील द्रवाचा थेंब सुईने काढून त्यात जंतूचे डीएनए शोधतात. ही खात्री महत्त्वाची आहे, कारण औषधे वेगवेगळी: परजीवीवर ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्झॅझोलसारखी, या विषाणूवर असायक्लोव्हिर. सूज उतरवणारे स्टेरॉइड जंतूला मारत नाही. उलट शरीराचा पहारा ढिला करते. जंतूवरील औषधाशिवाय ते एकटे दिले तर सूज कमी झाल्यासारखी वाटते आणि आत जखम पसरत राहते.

जखम भरली तरी वण राहतो. तो कडेला असला तर रोग्याला जाणवतही नाही. मधोमध पीतबिंदूवर असला तर त्या डोळ्याने पुस्तकातील अक्षरे पुन्हा लागत नाहीत.