औषधाची वेळ आणखी कोणाला ठाऊक आहे?

आकडी येणारं मूल ज्या घरात आहे, त्या घराला मी पहिला प्रश्न हाच विचारते: उद्या आई तापाने पडली, तर रात्रीची गोळी कोण देईल? किती देईल, कशातून देईल, आणि लेकराने ती थुंकली तर पुढे काय करेल? बहुतेक घरांत हा प्रश्न ऐकून सगळे आईकडेच बघतात. आमच्याकडेही तसंच होतं, आणि त्यापायी आमच्या लेकीला अतिदक्षता विभागात जावं लागलं. म्हणून हे लिहिते आहे.

मी मिरजेची. लग्न होऊन म्हैसूरला आले. यांची नोकरी सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत, घर सरस्वतीपुरममध्ये. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कानडी. लेक आता एकोणीस वर्षांची आहे. तिला शब्द येत नाहीत, पण भूक, राग, कंटाळा, कोण आवडतं आणि कोण नको, हे ती बरोबर कळवते. हात धरला तर चालते. दिवसाकाठी लहान झटके, झोपेत अंग ताठ होणं आणि मधूनच उभ्याउभ्या कोसळणं, हे आमचं रोजचं. या आजाराला लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोम म्हणतात.

सुरुवात झाली ती पाचव्या महिन्यात. झोपेतून उठली की मान पुढे पडायची, दोन्ही हात वर उचलले जायचे, क्षणात सैल व्हायचे, की पुन्हा तेच. असं एकामागून एक. बघणाऱ्याला वाटावं, बाळ दचकतंय. कोणी पोटातली कळ म्हणालं, कोणी दृष्ट काढली. तो वेस्ट सिंड्रोम होता. ज्या विल्यम वेस्ट यांचं नाव त्याला पडलं ते इंग्लंडमधले डॉक्टर. १८४१ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून आपल्या स्वतःच्या मुलाचे झटके वर्णन केले, मान एका वेळी किती वेळा खाली जाते हेसुद्धा लिहिलं, आणि इतर डॉक्टरांना विचारलं की असं कोणी पाहिलंय का. एका बापाच्या बारीक नजरेतून वैद्यकशास्त्राला हा आजार कळला, हे मला फार मोलाचं वाटतं. तान्ह्या बाळाचं असं दचकणं जाग आल्यावर आणि मालिकेने होत असेल, तर मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढायला सांगतील; काढून घ्या. यावरचे उपचार (एसीटीएचची इंजेक्शनं, स्टेरॉइड किंवा व्हिगाबॅट्रिन) जितके लवकर सुरू होतील तितकी बाळाच्या पुढच्या वाढीला संधी जास्त. आमच्या वेळी घरात साधा फोन होता. मी डॉक्टरांसमोर हातवारे करून दाखवलं आणि त्यांना ते कळलं, हे आमचं नशीब.

आणखी एक गोष्ट लवकर समजून घ्यावी अशी. नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधं देऊनही झटके थांबत नसतील, तर त्याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात. तिसरी, चौथी गोळी वाढवत वर्षं घालवण्याऐवजी त्या टप्प्यावर मोठ्या अपस्मार केंद्रात एकदा तरी सगळी तपासणी व्हायला हवी. आम्हाला बेंगळुरूचं निम्हान्स जवळ. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत या आजाराच्या शस्त्रक्रियांचा मोठा अनुभव आहे. काही मुलांना कीटोजेनिक आहाराचा, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्ट पदार्थांच्या मोजून दिलेल्या आहाराचा, चांगला उपयोग होतो, मुंबईचे डॉ. जनक नाथन यांनी तो भारतीय स्वयंपाकघरात बसवला. मात्र हा आहार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय कोणी सुरू करू नये. आमच्या लेकीवर शस्त्रक्रिया होण्यासारखी नव्हती. आहाराने कोसळणं थोडं कमी झालं, इतकंच.

आता लेकीला अतिदक्षता विभागात जावं लागलं त्या पावसाळ्याबद्दल. मला डेंग्यू झाला आणि प्लेटलेट उतरल्या म्हणून दाखल व्हावं लागलं. घरी हे, सासूबाई आणि दहावीतला धाकटा. तिघांचंही तिच्यावर जीवापाड प्रेम, तिघेही तिच्यासाठी रात्र जागणारे. पण तिच्या गोळ्या मीच देत आले होते. व्हॅल्प्रोएटची गोळी तिने अख्खी गिळायची असते; ती पोटात हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. माझ्या हातून ती दह्याच्या घोटाबरोबर गिळायची. इतरांकडून घेईना. सासूबाईंनी मायेने गोळी कुटून केळ्यात कालवली. अशी गोळी कुटली की औषध एकदम सुटतं, पुढच्या डोसापर्यंत पुरत नाही. शिवाय कडू लागल्याने अर्धं तिने थुंकलं. त्यातच क्लोबाझाम संपली. रविवार होता, चिठ्ठी माझ्या फाइलमध्ये, फाइल कुठल्या कपाटात ते मला ठाऊक. चिठ्ठीशिवाय दुकानदाराने गोळी दिली नाही, आणि त्याचं ते बरोबरच होतं. रात्री आकडी आली ती थांबेना. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा अशा वेळेसाठीच असतो. तो नेहमी माझ्या पर्समध्ये असायचा, आणि पर्स दवाखान्यात माझ्या उशाशी होती.

१०८ला फोन गेला, रुग्णवाहिका आली, लेक वाचली. मात्र हातातला चमचा पुन्हा तोंडापर्यंत नेण्यात तिचे बरेच महिने गेले. पाच मिनिटांहून जास्त चाललेली आकडी आपली आपण थांबण्याची शक्यता कमी होत जाते आणि जितका वेळ जाईल तितकी ती औषधांनाही कमी जुमानते. घरातला फवारा द्यायची हद्द म्हणून पाच मिनिटं सांगतात ती यासाठी.

घरी परतल्यावर पहिलं काम केलं ते कागदाचं. एकच पान, दोन्ही बाजूंनी. वर तारीख आणि तिचं वजन, कारण मात्रा वजनावर ठरते. मग प्रत्येक औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाव, गोळीचा रंग, मिलिग्रॅम, वेळ, आणि समोर एक वाक्य: ‘अख्खी गिळायची, कुटायची नाही’ किंवा ‘विरघळवली तर चालते’. डोस चुकला तर काय, उलटी झाली तर काय, हे डॉक्टरांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहिलं. फवारा किती मिनिटांनी, प्रत्येक नाकपुडीत किती वेळा, त्यानंतरही थांबली नाही तर कोणत्या रुग्णालयात, तिथे आधी कोणता विभाग. कोणत्या औषधाने तिला पूर्वी त्रास झाला, तेही. डॉक्टरांनी मात्रा बदलली की त्याच दिवशी नवा कागद निघतो आणि जुना फाडला जातो. दोन कागद घरात असणं हे एकही नसण्याइतकंच धोक्याचं.

मागच्या बाजूला हेच सगळं कानडीत, शेजारच्या निवृत्त शिक्षिकेकडून लिहून घेतलेलं. आमची लेक रस्त्यात पडली तर धावून येणारा रिक्षावाला किंवा फुलवाली मराठी वाचणार नाही. ‘एडमग्गुलिगे मलगिसि’, डाव्या कुशीवर झोपवा; ‘बायिगे एनू हाकबेडी’, तोंडात काही घालू नका. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या प्रत्येक मराठी घराने हे आपापल्या गावच्या भाषेत करून ठेवावं. लेकीच्या चालण्याच्या पट्ट्याला जी लहान पिशवी असते तिच्यात या कागदाची प्रत आणि एक फवारा असतो. दुसरा फवारा फ्रिजवरच्या डब्यात, तिसरा तिच्या शाळेत. मुदत संपण्याची तारीख डब्यावर मोठ्या अक्षरांत. औषधांचा साठा पंधरा दिवसांवर आला की नवा आणायचा, आणि शक्यतो त्याच कंपनीचा.

कागद भिंतीवर लावून काम संपत नाही. मी आता दर रविवारी दुपारपासून रात्रीपर्यंत घराबाहेर असते. कधी कुक्करहळ्ळी तलावाभोवती फिरते, कधी मैत्रिणीकडे. त्या दिवशीच्या गोळ्या, जेवण, आंघोळ, आकडी आली तर तीही, बाकीचे बघतात. सुरुवातीला ती त्यांच्या हातून गोळी घेत नव्हती, आता धाकट्याकडून घेते, दही मात्र त्याने साखर घालून दिलेलं. आईला विसावा मिळतो हे खरंच, आणि तो हवाच. पण त्याहून मोठा उपयोग म्हणजे घराला सवय होते.

आकडीच्या वेळी काय करायचं नाही, हे पाहुण्यांना सांगावंच लागतं. कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, मुठीत किल्ली कोंबतात, दातांत चमचा घालतात, पाणी पाजतात. चमच्याने दात तुटतात, पाण्याने श्वास अडकतो. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, चष्मा काढा, घड्याळ बघा आणि जवळ थांबा. अंग दाबून धरू नका.

आंघोळीबद्दल म्हैसूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बारकाईने विचारलं, तेव्हा मला नवल वाटलं होतं. दक्षिण कर्नाटकात कढत पाणी डोक्यावर भराभर ओतून न्हाण्याची पद्धत आहे, आणि काही माणसांना नेमकी त्याच वेळी आकडी येते. गरम पाण्याच्या या अपस्मारावर निम्हान्समध्ये पुष्कळ अभ्यास झाला आहे. इथून जवळच्या येळंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन अपस्माराचे रुग्ण शोधले आणि फेनोबार्बिटल, फेनिटॉइन अशा स्वस्त गोळ्यांवर खेड्यात किती लोक बरे राहू शकतात ते दाखवलं. तो अभ्यास २००१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. आमच्या लेकीचा प्रकार वेगळा आहे, तरी दिवाळीच्या अभ्यंगालाही आम्ही कोमटच पाणी घेतो, ती खाली बसूनच न्हाते, भरलेली बादली तिच्यापासून लांब, आणि न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही.

दसऱ्याच्या दिवसांत झगमगाटाला लोक घाबरतात. उघडझाप करणाऱ्या दिव्यांनी आकडी येणारे रुग्ण थोडेच असतात. आमच्या लेकीला त्रास होतो तो जागरणाचा. पाहुणे घरभर, रात्री उशिरापर्यंत गप्पा, आणि दुसऱ्या दिवशी हमखास झटके. म्हणून नऊ वाजता तिच्या खोलीचा दिवा जातो, पाहुणे कोणीही असोत. विजयादशमीला जंबू सवारीची मिरवणूक सय्याजीराव रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते आणि सरकारी के. आर. हॉस्पिटल त्याच वाटेवर आहे. त्या दिवशी कोणत्या रुग्णालयात कोणत्या रस्त्याने जायचं हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवतो. पुण्यात गणपती विसर्जनाला, पंढरपुरात आषाढीला हाच हिशोब करावा लागेल.

मुलगी वयात आली की एक सल्ला दबक्या आवाजात येतो: पिशवी काढून टाका, तिलाही सुटका आणि तुम्हालाही. मला तो सल्ला ऐकूनच घृणा येते. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, तेव्हा महाराष्ट्रभर वादळ उठलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते आणि त्या बातम्या वाचल्याचं पक्कं आठवतं. मुलीचं शरीर आपल्या सोयीसाठी कापायचं नसतं. पाळीच्या आसपास तिचे झटके वाढतात हे खरं, पण ते संप्रेरकांच्या चढउताराने होतं. बीजकोष जागेवर असताना गर्भाशय गेल्याने ते थांबत नाही. आम्ही कॅलेंडरवर पाळी लाल पेनाने आणि झटके निळ्या पेनाने लिहितो. ती पानं बघून डॉक्टरांनी त्या चार दिवसांपुरती औषधाची मात्रा वाढवून दिली. पॅड बदलायला तिला सासूबाईंनी शिकवलं, माझ्यापेक्षा जास्त धीराने.

अठरा पूर्ण झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत, हे फार घरांना ठाऊक नसतं. बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. त्याच न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, यूडीआयडी, आधी काढून ठेवा. पुढची बरीच कामं त्यावर अडतात. सरकारी नोकरीतल्या आई-वडिलांनी कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कागदांत मुलीचं नाव आपल्या हयातीतच नोंदवावं, म्हणजे तिच्यासाठी नंतर कोणाला खेटे घालावे लागणार नाहीत.

आमच्यानंतर पालक कोण, हे ठरवताना धाकट्याला गृहीत धरायचं नाही असं आम्ही दोघांनी पक्कं केलं होतं. तो अकरावीत गेल्यावर त्याला समोर बसवून विचारलं. ‘ताईला मी सांभाळेन, पण सही आत्ता मागू नका, शिकून झाल्यावर सांगतो,’ असं तो म्हणाला. आम्हाला ते पटलं. तोवर आमच्यानंतरचं नाव कोल्हापूरच्या नणंदबाईंचं आहे. त्या दिवाळीत आठवडाभर येऊन राहतात, त्या आठवड्यात गोळ्या त्याच देतात, आणि कागदाची ताजी प्रत त्यांच्याही कपाटात आहे.