औषध बदलले की बाटली?

वांग्याचे पान उलटे करून पहा. खालून बारीक जाळी दिसते का? जाळीत तांबडे ठिपके चालताना दिसतात का? मग तो लाल कोळी समजावा. कीटकाला सहा पाय असतात, याला आठ. हा घरातल्या कोळ्याचा भाऊबंद. पानातला रस तो शोषून घेतो. पानावर पांढुरके ठिपके पडतात, मग पान पिवळे पडून वाळते.

आमच्या परसात वांग्यांच्या चार ओळी आहेत. त्यांवर कोळी पडला, तेव्हा आम्ही फेनपायरॉक्झिमेट नावाचे औषध आणले. पहिल्या उन्हाळ्यात गुण आला. म्हणून पुढेही तेच मारीत राहिलो. हळूहळू कोळी मरेनासा झाला. तेव्हा आम्ही फेनाझाक्विन आणले. नाव निराळे, बाटली निराळी. कोळी मात्र जागच्या जागी! शेजारच्या काकू म्हणाल्या, "गुरुजी, औषधात भेसळ असंल." आम्हालाही तसेच वाटले.

पण भेसळ नव्हती. चूक आमचीच होती. कशी ते पहा.

समजा, झाडावर शंभर कोळी आहेत. त्यांतल्या दोघांना जन्मतःच ते औषध बाधत नाही. फवारले की अठ्ठ्याण्णव मेले, दोन उरले. एक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. उन्हाळ्यात अंड्यापासून मोठा कोळी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आता जी पिल्ले होतात, ती त्या उरलेल्यांची. पुन्हा तेच औषध मारले, की पुन्हा तेच उरतात. म्हणजे फवारणी ही चाळण झाली. आम्ही चाळून चाळून चिवट कोळ्यांचे बी धरले!

मग बाटली बदलूनही गुण का आला नाही? कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांनी उलगडा केला. औषध किडीला कसे मारते, त्यावरून औषधांचे गट पाडून त्यांना क्रमांक दिले आहेत. आमची दोन्ही औषधे गट २१ मधली. जो एकाला दाद देत नाही, तो दुसऱ्यालाही बहुधा देत नाही. स्पायरोमेसिफेन गट २३ मधले आहे, अबामेक्टिन गट ६ मधले. दुकानात नुसते "दुसरं द्या" म्हणू नये. "दुसऱ्या गटाचं द्या" म्हणावे. एका गटाचे औषध लागोपाठ दोनदा मारू नये. डब्यावरच्या कागदावर आपल्या पिकाचे नाव आहे का, फवारल्यावर किती दिवस तोडा करायचा नाही, तेही वाचावे. आम्ही, इतकी वर्षे मुलांना वाचायला शिकवणारे, तो कागद न वाचताच फेकून देत होतो!

आणखी एक. शेंडे पोखरणाऱ्या अळीसाठी पुष्कळ जण सायपरमेथ्रिन मारतात. त्याने कोळी खाणारे बारीक किडेही मरतात, मग कोळी जास्तच माजतो.

आता आम्ही औषधाची घाई करीत नाही. आठवड्यातून दोनदा पाने उलटून पाहतो. फार लागलेली खालची पाने तोडून पुरतो. सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोराचा फवारा मारतो, कोळी गळून पडतात. रोपांना पाण्याचा ताण देत नाही, कारण कोरड्या हवेत आणि धुळीत हा वाढतो. एवढ्याने भागले नाही, तर पाण्यात मिसळणारे गंधक फवारतो. तेही ऊन उतरल्यावर. भर उन्हात मारल्याने आमची दोन झाडे करपली.