आमच्या काचपेटीतले मासे का मेले आणि मग का जगले



वर्गात शिरलात की डाव्या हाताला बाकावर माशांची काचपेटी दिसेल. तिच्यात गप्पी मासे आहेत. पण हे आमचे पहिले मासे नव्हेत. पहिले दहा मासे जून महिन्यात आणले होते. ते आठ दिवसांत सगळे मेले. ते का मेले हे शोधायला आम्हाला सबंध पावसाळा लागला. तीच हकिकत इथे लिहीत आहोत.

आरोग्य सेवक गावातल्या हौदांत सोडायला गप्पी मासे घेऊन आले होते. गुरुजींनी त्यांतले दहा मागून घेतले. आम्ही नवी काचपेटी धुतली, तळाला नदीची वाळू घातली, नळाचे पाणी भरले आणि लगेच मासे सोडले. दुपारच्या सुट्टीपर्यंत दोन मेले. मग ज्याला त्याला वाटले, मासे उपाशी असतील. कुणी चिरमुरे टाकले, कुणी भाकरीचा चुरा टाकला. वर्गात आम्ही चाळीसच्या वर मुले. प्रत्येकाने चिमूटभर टाकले तरी किती झाले बघा! तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखे पांढरट झाले. शनिवारी आम्ही शहाणपणा करून सगळे पाणी ओतून दिले, वाळू साबणाने घासली आणि तांब्याच्या घागरीत भरून ठेवलेले पाणी ओतले. पेटी कशी लख्ख दिसत होती! सोमवारी आलो तर उरलेले आठही मासे उताणे तरंगत होते.

आम्हाला वाटले, माशांत साथ आली. घरी सांगितले तर आजी म्हणाली, "आरं, मासं काय चिरमुरं खात्यात व्हय? गुदमरून मेलं आसतील ती." गुरुजी म्हणाले, "मासे रोगाने मेले नाहीत, पाण्याने मेले. आधी पाणी सांभाळायला शिका, मासे मग आणू." आजीचेही अर्धे बरोबर होते, ते पुढे येईलच.

पहिले दोन मासे कशाने मेले ते लवकर कळले. आपल्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर टाकतात. पावसाळ्यात पाणी गढूळ येते म्हणून ती जरा जास्तच पडते. तिच्यातला क्लोरीन रोगजंतू मारतो. आपण ते पाणी पितो, आपल्याला काही होत नाही. पण मासा पाणी कल्ल्यांवरून सारखे वाहवत असतो. कल्ल्यांची कातडी इतकी पातळ की तिच्यातून प्राणवायू थेट रक्तात जातो. क्लोरीन ती कातडीच भाजून काढतो. ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्या काकांकडे एक पेटी असते. तिच्यातल्या औषधाचे थेंब नळीतल्या पाण्यात टाकले की पाणी पिवळे होते. त्याला ओ.टी. टेस्ट म्हणतात. जितका क्लोरीन जास्त, तितका पिवळा रंग गडद. काकांनी आम्हाला ताजे नळाचे पाणी आणि आदल्या दिवशी उघड्या घमेल्यात उन्हात ठेवलेले पाणी अशी दोन्ही करून दाखवली. ताजे पिवळे झाले, शिळे तसेच राहिले. तेव्हापासून पाणी पसरट भांड्यात एक दिवस उघडे ठेवल्याशिवाय पेटीत जात नाही. पूर्वी फोटो धुवायला हायपो वापरीत, त्यानेही क्लोरीन मरतो. माशांच्या दुकानात जे क्लोरीनचे औषध मिळते त्यातल्या पुष्कळांत तेच असते.

घागरीची चूक मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. तांब्याच्या भांड्यातले पाणी माणसाला चांगले म्हणतात, पण तांबे माशाला बाधते. द्राक्षबागेत मोरचूद फवारतात, त्याने बुरशी मरते, तेही तांबेच. म्हणून माशांचे पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा मातीच्या भांड्यात ठेवावे. साबण तर पेटीच्या जवळही नेऊ नये. पाणी निवळावे म्हणून तुरटी फिरवू नये, तिने पाण्याचा गुण एकदम बदलतो.

आता मुख्य गोष्ट. सकाळी गोठ्यात गेलो की जो उग्र वास नाकाला झोंबतो तो अमोनियाचा. जनावराच्या मुतापासून तो होतो. मासाही अमोनिया टाकतो, आणि तो बहुतेक सगळा कल्ल्यांतूनच टाकतो. न खाल्लेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो. नदीत एवढे पाणी वाहते की कळतही नाही. पेटीत मात्र माशाला स्वतःच्या घाणीतच राहावे लागते. गोठा आपण रोज झाडतो. पेटी कोण झाडणार?

ती जीवाणू झाडतात! आणि यात नवल वाटण्यासारखे काही नाही, कारण आपल्या उसाच्या रानात हेच रोज चालते. उसाला युरिया टाकला की जमिनीत त्याचा अमोनिया होतो. मग एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते ऊस पिऊन घेतो. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे काढून दाखवले. तेच जीवाणू माशांच्या पेटीत वाळूवर, काचेवर, स्पंजावर चिकटून राहतात. अमोनिया विषारी. नायट्राइटही विषारी. ते रक्तात गेले की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात हवा असूनही मासा गुदमरतो. (आजीचे बोलणे इथे खरे ठरते.) नायट्रेट मात्र बरेच साठल्याशिवाय त्रास देत नाही.

नव्या पेटीत हे जीवाणू जवळजवळ नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले आणि वर चिरमुरे. अमोनिया साठत गेला, खाणारे कुणी नाही. जे थोडे जीवाणू वाळूवर धरू लागले होते, ते शनिवारी साबणाने आम्हीच धुऊन काढले. आम्ही "स्वच्छता" केली म्हणून मासे मेले, असेच म्हणा ना!

दुसऱ्या वेळी आम्ही घाई केली नाही. कोल्हापुरातल्या माशांच्या दुकानातून पाणी तपासायचे थेंब आणले. पेटीत पाणी भरले, पण मासे नाहीत. रोज माशांच्या खाद्याची एक चिमूट टाकत राहिलो, म्हणजे कुजून अमोनिया व्हावा. दही लावायला विरजण लागते तसे इथेही चालते. गुरुजींच्या ओळखीच्या एकांकडे जुनी चालती पेटी होती. त्यांच्याकडचा मळका स्पंज आमच्या पेटीत आणून पिळला. पाणी गढूळ झाले आणि मुली "शी!" म्हणाल्या, पण तेच आमचे विरजण. पहिल्या आठवड्यात थेंब टाकले की पाणी पिवळ्याचे हिरवे होई, म्हणजे अमोनिया आहे. मग हिरवा फिका होत गेला आणि नायट्राइटच्या नळीत जांभळा रंग दिसू लागला. रोज फळ्यावर रंग लिहायचा. एक पिवळी नळी, एक जांभळी नळी, असे बरेच दिवस चालले. काही मुले कंटाळली. "रिकामी पेटी काय बघायची?" असे पाचवीची पोरे चिडवायची. पाचव्या आठवड्यात दोन्ही रंग गेले. मग गणपतीच्या सुट्टीनंतर मासे आणले, तेही चारच. एक नर, तीन माद्या.

मासे आणले की पिशवीतून सरळ ओतू नयेत. पिशवी पेटीत पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी, म्हणजे दोन्ही पाण्यांची उष्णता सारखी होते. मग पेटीचे पाणी थोडे थोडे पिशवीत घालावे आणि नंतर मासा हलकेच सोडावा.

पेटी केवढी घ्यावी? आमची पेटी ४५ सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद, ३० सें.मी. उंच आहे. पाणी २५ सें.मी. पर्यंत भरतो. गणित करा: ४५ × ३० × २५ = ३३,७५० घन सें.मी., म्हणजे पावणेचौतीस लिटर. वजनही तितके किलो, वर काच आणि वाळू. म्हणून ती मजबूत बाकावर आहे, खिडकीच्या उन्हात नाही. जत्रेत काचेचा गोल वाटोळा मिळतो, तो घेऊ नये. त्यात पाणी थोडे, आणि वर निमुळता असल्याने हवेला टेकणारे पाणीही थोडे. "लहान पेटी सांभाळायला सोपी" हे म्हणणे उलटे आहे. थोड्या पाण्यात विष लवकर साठते. दुकानात फायटर मासा लहान बाटलीत ठेवलेला दिसतो, कारण तो तोंड वर काढून हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. म्हणून त्याचे बाटलीत बरे चालते असे नाही, तो फक्त लवकर मरत नाही.

प्राणवायूचे असे आहे की गार पाण्यात तो जास्त विरघळतो, कोमट पाण्यात कमी. २० अंश सेल्सियसला एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला सुमारे साडेसात. पाणी हलते राहिले की हवेतून भर पडत राहते. आपल्याकडच्या बंधाऱ्यांवर हे दिसते. उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बरगे घातले की पाणी अडते, तापते. त्यात सांडपाणी मिसळले की ते कुजवणारे जीवाणूच प्राणवायू संपवतात. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत पंचगंगेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. आमच्या पेटीत चिरमुरे कुजले तेव्हा तसेच झाले. रंकाळ्यातही सांडपाण्याच्या खतावर हिरवे शेवाळ आणि जलपर्णी माजल्याचे कोल्हापूरकरांनी पाहिले आहे. जास्त खाऊ घातले तर पेटीचा रंकाळा व्हायला वेळ लागत नाही.

पेटीत कोपऱ्यात एक स्पंज आहे, त्यातून लहान पंपाने बुडबुडे सोडतो. पाणी हलते आणि जीवाणूंना घरही मिळते. वीज गेली की पाळीवाला मुलगा पेल्याने पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओततो, पाच-पाच मिनिटांनी, वीज येईपर्यंत. मजा वाटते म्हणून यासाठी भांडणे होतात.

तळ्यातून हायड्रिला आणून लावली आहे. विज्ञानाच्या प्रयोगात जिच्या फांदीतून उन्हात बुडबुडे निघतात तीच ही. ती नायट्रेट शोषते आणि दिवसा प्राणवायू देते. पण रात्री तीही प्राणवायू घेते, हे विसरू नये. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करीत असतील तर वनस्पती किंवा मासे जास्त झाले असे समजावे. तळ्यातली वनस्पती तशीच घालू नये. तिच्याबरोबर जळवा आणि चतुराची पिले येतात, आणि चतुराचे पिलू गप्पीचे पिलू फस्त करते. आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून मग चार पाण्यांनी धुवावी. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता: मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी पुष्कळ दिवस चांगले राहते. गोगलगायी त्यांनी नंतर घातल्या, कारण सडकी पाने खायला कुणी नव्हते.

खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. माशाचे पोट त्याच्या डोळ्याएवढे आहे असे धरा. खाऊ घालण्याची पाळी फळ्यावर लिहिलेली असते. पाळी नसलेल्याने डबीला हात लावायचा नाही. हौदातल्या डासांच्या अळ्या मिळाल्या तर मासे त्या फार आवडीने खातात. रविवारी उपास. त्यांना काही होत नाही, मोठे मासे आठवडाभरही तग धरतात.

दर शनिवारी चौथाई पाणी बदलतो, म्हणजे साधारण अर्धी बादली. सगळे कधीच नाही. रबरी नळी लावून तळची घाण ओढून घेतो, आणि त्या काढलेल्या पाण्यातच स्पंज पिळून धुतो, नळाखाली नाही. का, ते आता तुम्हीच सांगू शकाल. काढलेले पाणी शाळेच्या जास्वंदीला घालतो. त्यात नायट्रेट असते.

गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि जवळच्या बेटांवरचा. त्रिनिदाद बेटावरून गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ साली तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवला, त्यावरून हे नाव. आपल्याला वाटायचे गप्पा मारतो म्हणून गप्पी! नर लहान आणि रंगीत, मादी मोठी आणि करडी. ती अंडी घालत नाही, सरळ पिले देते, महिन्याला एक खेप. त्यामुळे चाराचे चाळीस व्हायला वेळ लागत नाही. जास्त झालेले मासे ओढ्यात, नदीत, तळ्यात सोडू नका. हा परदेशी मासा आहे, आपल्या ओढ्यातल्या लहान माशांची अंडी-पिले तो खातो. आम्ही जादा मासे आरोग्य केंद्राला परत देणार आहोत. जे हौद उपसून कोरडे करता येत नाहीत त्यांत ते सोडतात. ज्या टाक्या, रांजण उपसता येतात ते आठवड्याला एकदा कोरडेच करावेत, तिथे माशाचे काम नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शाळेजवळ राहणारी तीन मुले एक दिवसाआड येणार आहेत. किल्ली शिपाईमामांकडे आहे. खाण्याच्या पुड्या बाईंनी मोजून बांधून ठेवल्या आहेत, एका पुडीवर एक वार लिहिलेला.

मंगळवारी एका मादीला पिले झाली. मोजली तेव्हा चौदा होती. दुपारपर्यंत दोन दिसेनाशी झाली. मोठ्या माशांनी खाल्ली. बाकीची हायड्रिलाच्या जाळीत लपून आहेत. जवळ जाऊन बघा, डोळे तेवढे दिसतील. काचेवर टिचक्या मारू नका.

— मत्स्यपेटी गट, इयत्ता ७ वी