क-जीवनसत्त्व : बाटलीतील आणि पेरूतील

लिंबाची फोड चेहऱ्यावर घासल्याने कांती उजळते, असा समज घरोघरी आढळतो. हल्ली औषधांच्या दुकानांत क-जीवनसत्त्वाच्या लहानशा, महागड्या बाटल्याही मांडलेल्या दिसतात. लिंबात आणि बाटलीत द्रव्य एकच असेल, तर एवढा खर्च कशासाठी? या प्रश्नाचा येथे थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

इ. स. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्याने स्कर्व्हीने पीडित अशा बारा खलाशांवर निरनिराळे उपचार करून पाहिले. ज्या दोघांना संत्री व लिंबे दिली, ते सर्वांत लवकर सुधारले. या फळांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच क-जीवनसत्त्व, अर्थात ॲस्कॉर्बिक आम्ल होय. त्यावरील संशोधनाशी निगडित कार्याबद्दल आल्बर्ट सेंट-ड्यर्डी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्वचेस बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन नीट घडण्यास या जीवनसत्त्वाची गरज असते. म्हणूनच स्कर्व्हीत हिरड्यांतून रक्त येते व जखमा भरून येत नाहीत. मानवी शरीर हे द्रव्य स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते.

अन्नातील जीवनसत्त्व रक्तावाटे त्वचेच्या आतील थरांस पोचते. बाहेरून लावलेल्याची वाट मात्र बिकट आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशी व स्निग्ध द्रव्ये यांचा बनलेला असून पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांस तो सहजी आत येऊ देत नाही. २००१ साली अमेरिकेतील शेल्डन पिनेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या त्वचेवरील प्रयोगांतून दाखविले की, द्रावाचा सामू ३.५ हून कमी असेल तरच शुद्ध ॲस्कॉर्बिक आम्ल आत शिरते. आणि त्याचे प्रमाण शेकडा २० च्या पुढे नेल्याने अधिक लाभ होत नाही.

या शुद्ध रूपात दोन दोष आहेत. ते नाजूक त्वचेस झोंबते. आणि हवा व प्रकाश लागताच त्याचे ऑक्सिडीकरण होऊन द्राव पिवळा, मग तपकिरी होतो. यास्तव रसायनशास्त्रज्ञांनी अधिक टिकाऊ रूपे सिद्ध केली. सोडियम व मॅग्नेशियम यांची फॉस्फेटे आणि ग्लुकोसाइड ही पाण्यात विरघळतात. पामिटेट हे स्निग्ध पदार्थांत विरघळते. परंतु त्वचेत गेल्यावर त्यांचे पुन्हा ॲस्कॉर्बिक आम्ल व्हावे लागते. उपरोक्त प्रयोगांत मॅग्नेशियम फॉस्फेट व पामिटेट लावूनही त्वचेतील ॲस्कॉर्बिक आम्ल वाढले नाही. बाटलीत टिकणे आणि त्वचेत उपयोगी पडणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

आता लिंबाकडे वळू. शंभर ग्रॅम लिंबाच्या रसात क-जीवनसत्त्व सुमारे ३० ते ४० मिलिग्रॅमच असते. शेकडा १० प्रमाणाच्या तेवढ्याच द्रावात ते १०,००० मिलिग्रॅम भरते. रसाची आंबट चव मुख्यतः सायट्रिक आम्लाची. शिवाय लिंबाच्या सालीत व रसात अशी काही द्रव्ये असतात की, ती लागलेल्या त्वचेवर ऊन पडल्यास फोड येऊन काळे डाग राहतात. उजळपणासाठी केलेला उपाय असा उलटतो.

जिज्ञासूंनी प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली एक प्रयोग करून पाहावा. पिठाच्या पातळ पेजेत टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकताच ती निळी होते. तीत क-जीवनसत्त्वाच्या गोळीचा ताजा द्राव थेंबथेंब सोडल्यास निळा रंग नाहीसा होतो. तोच द्राव कित्येक दिवस उन्हात उघडा ठेवून तपकिरी पडला, की रंग घालविण्यास अधिक थेंब लागतात. तपकिरी झालेल्या महागड्या बाटलीचे मोल यावरून ध्यानी यावे.

कोणतेही रूप त्वचेचा उपजत वर्ण पालटत नाही. आणि सावळा वर्ण हा काही रोग नव्हे. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क-जीवनसत्त्व असते. तेव्हा विद्यार्थ्यांनी आपले चार पैसे आधी पेरू-आवळ्यावर खर्चावेत, भर उन्हात डोके व चेहरा झाकावा, आणि त्वचेचा विकार असल्यास वैद्यांचा सल्ला घ्यावा, हेच आम्हांस श्रेयस्कर वाटते.