पडत्या काळाचे सोबती

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा हे एकमेकांच्या शेजारचे तालुके. भोगावती, अंबा व कुंडलिका या नद्या या मुलखातून वाहत जाऊन खाडीला मिळतात. एका अंगाला डोंगर, तर दुसऱ्या अंगाला खारेपाटाची सपाट भातजमीन. भात कापून खळ्यात आले, झोडणी आटोपली, की शेते मोकळी होतात. मग गावोगावची तरुण मुले एखाद्या शेतातील ढेकळे फोडतात, पाणी शिंपून जमीन चोपतात आणि तीवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखतात. कबड्डीचे दिवस सुरू झाले, हे त्या रेषाच गावाला सांगतात.

कबड्डीला चेंडू लागत नाही, की फळी लागत नाही. दोन्ही बाजूंचे सात-सात गडी, आखलेले मैदान आणि छातीत भरपूर दम, एवढेच या खेळाचे भांडवल. चढाई करणारा गडी ‘कबड्डी, कबड्डी’ असा अखंड उच्चार करीत एकटाच प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरतो. गडी टिपून तो ३० सेकंदांच्या आत मध्यरेषेपलीकडे परतला, तर गुण मिळतो. पकडीत सापडून दम सुटला, तर तो बाद होतो. त्या क्षणी तो एकटा दिसतो खरा. परंतु त्याच्या पाठीशी सहा सोबती आणि मैदानाभोवती बसलेले सारे गाव असते. कित्येक संघ तर ग्रामदैवताचे नाव घेऊनच खेळतात. म्हणून संघ जिंकला की गावाची मान ताठ होते, आणि संघ हरला की घरोघरी हळहळ वाटते.

परंतु सर्व दिवस सारखे नसतात. चांगला चढाई करणारा गडी नोकरीसाठी मुंबईस निघून जातो. दुसऱ्या कोणाचा गुडघा दुखावतो. तिसरा धाटावच्या कारखान्यात रात्रपाळीला लागतो आणि सरावाला मुकतो. मग एके काळी नावाजलेला संघ पहिल्याच फेरीत हरून परत येऊ लागतो. आसपासचे लोक हसतात. ‘या संघात आता राम उरला नाही,’ असे कोणी म्हणतो. ‘पोरांनी खेळ सोडून कामधंदा पाहावा,’ असा उपदेश कोणी करतो. अशा वेळी सात गडी जमविणेही कठीण होऊन बसते. ही वेळ केवळ एका सामन्याच्या हारजितीची नसते. संघ एकदा मोडला, की मागून येणाऱ्या लहान मुलांना पकड कोणी शिकवायची आणि पाय कसा टाकावा हे कोणी दाखवायचे?

अशा पडत्या काळातच खरे सोबती कोण, ते कळून येते. विजयाच्या मिरवणुकीत गुलाल उधळण्यास सारेच पुढे येतात. हरलेल्या संघाबरोबर रात्री टेंपोतून मुकाट्याने परत येणारे मात्र थोडे असतात. ते फार बोलत नाहीत. त्यांपैकी एखादा म्हातारा खेळाडू दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर येऊन उभा राहतो आणि कोपरारक्षक कोठे चुकला, ते दाखवितो. कोणी गणवेशासाठी वर्गणी गोळा करतो. पाळीवरून परतलेल्या गड्यांना सराव करता यावा, म्हणून कोणी दिव्यांची सोय करतो. संघ उभा राहतो तो अशा लोकांच्या बळावर.

खारेपाटातील शेतकऱ्याला ही गोष्ट निराळी शिकवावी लागत नाही. समुद्राचे खारे पाणी शेतात शिरू नये, म्हणून तेथे मातीचे बांध घातलेले असतात. एखाद्या उधाणाच्या भरतीला बांध फुटून खांड पडते. त्या वेळी ‘हा बांधच वाईट,’ असे म्हणून कोणी घरी बसत नाही. आणि ‘आमचा बांध उत्तमच आहे,’ असे म्हटल्यानेही पाणी थांबत नाही. खांड नेमकी कोठे पडली, ते पाहून चिखलाचे गोळे हातोहात पोहोचवावे लागतात. संघाचेही असेच आहे. त्याला टाकून देणे ही निष्ठा नव्हे, तशीच त्याची खोटी स्तुती करणे हीही निष्ठा नव्हे. उणीव ओळखून ती भरून काढण्यास हात लावणे, हीच खरी निष्ठा.

कबड्डी हा खेळच अशा निष्ठेमुळे वाढला. महाराष्ट्रात त्याला हुतूतू म्हणत. बंगालात तो हाडुडु, तर दक्षिणेत चेडुगुडु या नावाने ओळखला जाई. प्रांतोप्रांती नियम निराळे असल्यामुळे हा रांगडा, शिस्त नसलेला खेळ आहे, असे कित्येकांना वाटे. खेळावर प्रेम करणाऱ्यांनी टीकाकारांशी नुसते भांडण मांडले नाही. त्यांनी मैदानाची मापे ठरविली, नियम एक केले आणि पंच तयार केले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. १९५० साली अखिल भारतीय पातळीवर संघटना स्थापन झाली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी आपले आयुष्य या खेळासाठी वेचले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. पुढे २०१८ साली जकार्ता येथे भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ इराणकडून हरले, तेव्हा पुष्कळ टीका झाली. परंतु २०२३ मध्ये हांगझोऊ येथे दोन्ही संघांनी सुवर्णपदके परत मिळविली.

परदेशांतही अशी उदाहरणे आढळतात. रग्बी लीग हा खेळ काही अंशी कबड्डीच्या जवळचा आहे. कारण त्यातही धावत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला मिठी घालून पाडावे लागते. इंग्लंडच्या उत्तर भागातील क्लबांनी १८९५ साली आपली निराळी संघटना काढली, तेव्हा हा खेळ वेगळा झाला. खेळासाठी कामावरची मजुरी बुडते, तिची भरपाई कामगार खेळाडूंना मिळावी, अशी त्या क्लबांची मागणी होती. ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या कामगारवस्तीत १९०८ साली साउथ सिडनी हा क्लब स्थापन झाला. १९७१ पर्यंत त्याने २० अजिंक्यपदे मिळविली. पण पुढे त्याला उतरती कळा लागली. अखेर स्पर्धेतील संघांची संख्या कमी करताना १९९९ च्या मोसमानंतर त्याला वगळण्यात आले. परंतु त्याचे चाहते घरी बसले नाहीत. २००० सालच्या नोव्हेंबरात सुमारे ८०,००० लोकांनी सिडनीत मोर्चा काढला. २००१ मध्ये अपील न्यायालयाचा निर्णय क्लबच्या बाजूने लागला आणि २००२ साली तो पुन्हा मैदानात उतरला. तरीही यश लगेच आले नाही. २००३, २००४ व २००६ या तिन्ही वर्षी तो अगदी तळाला राहिला. चाहत्यांनी मात्र त्याला सोडले नाही. अखेर २०१४ साली, तब्बल ४३ वर्षांनी, त्या संघाने अजिंक्यपद पटकाविले.

मात्र आपल्या संघावरील प्रेम म्हणजे दुसऱ्याचा द्वेष नव्हे. पंचांच्या निर्णयावर गोंगाट करणारा आणि प्रतिपक्षाच्या गड्याला शिवीगाळ करणारा प्रेक्षक संघाची मान खालीच घालतो. बाहेरचा माणूस टीका करतो, तेव्हा ती आधी शांतपणे ऐकावी. तिच्यात तथ्य असेल तर ते घ्यावे; नुसतीच कुचेष्टा असेल तर ती सोडून द्यावी. प्रतिपक्षाने सुरेख पकड केली, तर तिलाही टाळी द्यावी. अशा टाळीने आपला संघ लहान होत नाही, उलट मैदान मोठे होते.

संघ, शाळा, वाचनालय, गाव या सर्वांनाच केव्हा ना केव्हा पडता काळ येतो. त्या काळात जो पाठ फिरवीत नाही आणि दोषही झाकीत नाही, तोच संस्थेचा खरा आधार होय. चढाईला गेलेला गडी बाद झाला, तरी त्याचे सोबती मैदान सोडत नाहीत. ते गुण मिळवितात आणि त्याला पुन्हा आत घेतात. कबड्डीचा हा साधा नियम मैदानाबाहेरही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शब्दार्थ
खारेपाट – खाडीकाठचा खाऱ्या जमिनीचा प्रदेश. फक्की – रेषा आखण्यासाठी वापरतात ती पांढरी पूड. खांड पडणे – बांध फुटून वाट होणे. उतरती कळा लागणे – वैभव कमी होऊ लागणे. कुचेष्टा – टवाळी.

स्वाध्याय
१. गावाचा संघ मोडल्यास कोणते नुकसान होते?
२. फुटलेल्या बांधाच्या उदाहरणावरून लेखकाने निष्ठेविषयी काय सांगितले आहे?
३. कबड्डीवरील टीकेला तिच्या चाहत्यांनी कोणत्या कृतींनी उत्तर दिले?
४. ‘उलट मैदान मोठे होते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. ‘मान ताठ होणे’, ‘पाठ फिरविणे’, ‘आयुष्य वेचणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या खेळाडूस भेटून संघाच्या पडत्या काळाविषयी माहिती मिळवा व ती दहा ओळींत लिहा.