स्पंजची गोळी आणि मुलाचा डोळा

आषाढी असो की कार्तिकी, यात्रेच्या दिवसांत पंढरपुरात खेळण्यांची दुकाने रस्त्याच्या कडेने लागतात. बासरी, भिरभिरे आणि प्लास्टिकच्या गाड्यांच्या शेजारी आता झगमगीत रंगांच्या बंदुकाही टांगलेल्या असतात. खटका ओढला की बोटाएवढी स्पंजची गोळी सुटते. पालक गोळी दाबून बघतात, ती मऊ लागते आणि ‘याने काय लागणार?’ असे म्हणत खरेदी होते. हा समज किती खरा आहे आणि अशी गोळी डोळ्याला लागलीच तर नेमके काय करावे, ते या वेळी समजून घेऊ.

मूळ खेळणे आणि त्याची नक्कल

स्पंजच्या गोळीची बंदूक जगभर ‘नर्फ’ या नावाने ओळखली जाते. हे नाव अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीचे आहे. चीनमधील शांटौजवळचा चेंगहाई हा भाग तर खेळण्यांच्या कारखान्यांसाठीच प्रसिद्ध आहे. अशा कारखान्यांतून निघणारा बिननावाचा माल स्वस्त असतो आणि दिसायला मूळ खेळण्यासारखाच असतो. फरक आत असतो. स्प्रिंग किती जोराची आहे, गोळीचे टोक किती कडक आहे, ते नीट चिकटवले आहे की नाही, हे कोणी तपासलेले असेलच याची खात्री नसते.

मूळ प्रकारच्या गोळीचे वजन साधारण एक ग्रॅम असते आणि ती सेकंदाला सुमारे ७० फूट वेगाने सुटते. नकली बंदुकीत स्प्रिंग जोरकस असेल आणि वेग दीडपट झाला, तर गोळीचा मार दीडपट नव्हे, सव्वादोन पट होतो; कारण वेग वाढला की ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात वाढते.

मोठा चेंडू अडतो, लहान गोळी आत शिरते

आपला डोळा हाडांच्या खोबणीत बसलेला आहे. क्रिकेटचा चेंडू लागतो तेव्हा बराचसा मार भुवई आणि गालाच्या हाडावर जातो. स्पंजच्या गोळीची जाडी मात्र जेमतेम सव्वा सेंटीमीटर असते. ती हाडांच्या मधून सरळ आत जाते आणि सगळा मार बुबुळावर बसतो.

अशा माराने बुबुळाच्या आतली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. मग काळ्या भागापुढच्या पाणीदार कप्प्यात रक्त साचते. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयातील डॉक्टरांनी २०१७ साली अशा तीन रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यात एक ११ वर्षांचा मुलगा होता आणि दोघे प्रौढ होते. तिघांच्याही डोळ्यांत रक्त साचले होते. अशा खेळात संरक्षक चष्मा वापरावा, असे त्या डॉक्टरांनी सुचवले. बाजारात मिळणाऱ्या इतर स्वस्त गोळ्यांची टोके अधिक कडक असतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

गोळी लागली तर काय करावे

१. मुलाला बसवा आणि डोळा चोळू देऊ नका. वरून दाबू नका, घट्ट पट्टीही बांधू नका. स्वच्छ कागदी पेल्याचे बूड कापून ते डोळ्यावर झाकणासारखे धरा. त्याची कड हाडावर टेकली पाहिजे, बुबुळावर नाही.

२. डोके उंच राहू द्या. झोपवायचे असल्यास दोन-तीन उशा द्या. त्यामुळे साचलेले रक्त खाली बसते.

३. अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. त्यांनी पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते, पण वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टरांना विचारूनच द्या.

४. दूध, मध, तूप, गुलाबपाणी किंवा काजळ यांपैकी काहीही डोळ्यात घालू नका. घरात पडलेले जुने थेंबही घालू नका.

५. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. पंढरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी जाता येईल. पुढच्या तपासणीसाठी सोलापूरचे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे.

मूल ‘मला दिसतंय’ म्हणाले, तरी त्यावर थांबू नका. दुसऱ्या चांगल्या डोळ्याने त्याला दिसतच असते. एकेक डोळा हाताने झाकून समोरच्या भिंतीवरील कॅलेंडरचे आकडे वाचायला लावा. धूसर दिसणे, उजेड सहन न होणे, बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, डोळ्यात रक्ताची रेघ दिसणे, समोर काळे ठिपके किंवा पडदा येणे, उलटी होणे, मूल सुस्त होणे यांपैकी एक जरी लक्षण असले तरी रात्र जाऊ देऊ नका.

पहिल्या चार-पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून बरे वाटले तरी धावपळ बंद ठेवा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी पुन्हा जा. मार लागलेल्या डोळ्यात काही वर्षांनीही काचबिंदू होऊ शकतो. वर्षातून एकदा डोळ्याचा दाब तपासून घ्यावा.

सिकलसेलची माहिती डॉक्टरांना द्या

ही गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. विदर्भात आदिवासी समाजांप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. नोकरी आणि सोयरिकीमुळे विदर्भातील अनेक कुटुंबे राज्यभर पसरली आहेत.

निरोगी लाल पेशी लवचीक असतात. डोळ्यातले पाणी बाहेर नेणाऱ्या बारीक जाळीतून त्या वाहून जातात. सिकलसेल असलेल्या व्यक्तीच्या पेशी डोळ्यातल्या कमी प्राणवायूत विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात आणि जाळीत अडकतात. डोळ्याचा दाब झपाट्याने वाढतो आणि दृष्टीची नस दुखावते. हा धोका केवळ सिकलसेलग्रस्तांना नाही, एरवी पूर्ण ठणठणीत असणाऱ्या वाहकांनाही आहे. शिवाय डोळ्याचा दाब उतरवणारी काही नेहमीची औषधे अशा रुग्णांत त्रास वाढवू शकतात. म्हणून कुटुंबात कोणालाही सिकलसेल असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते आधी सांगा.

राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. कुटुंबाचा संबंध विदर्भाशी असेल, तर मुलांची रक्ततपासणी करून घ्या आणि अहवाल शाळेच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवा. वाहक असणे हा आजार नाही, त्यात लपवण्यासारखे काहीच नाही.

गोळी तोंडात धरली तर

दुसरा धोका श्वासाचा आहे. लहान मुले गोळी दातात धरतात, ओढतात, फुंकतात. अमेरिकेत २०१० साली स्वस्त बाण-बंदुकीचे खेळणे बाजारातून परत मागवावे लागले. मऊ बाण तोंडात धरलेला असताना श्वासनलिकेत जाऊन नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा जीव गेला होता. अगदी लहान नव्हे, जाणती मुले होती ती.

मूल खोकत असेल, तर खोकू द्या. आवाजच फुटत नसेल, तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये पाच थपडा मारा. तेवढ्याने निघाले नाही, तर मागून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर दाबा. घशात न बघता बोट घालू नका. दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा. वर्षाच्या आतील बाळाचे पोट दाबू नये. त्याला पालथे धरून पाठीवर थपडा द्याव्यात, मग छातीवर दाबावे.

विकत घेताना

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, मग ते खेळणे परदेशी कारखान्यातले का असेना. आयएस ९८७३ हे मानक गोळ्या उडवणाऱ्या खेळण्यांनाही लागू आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकून तपासता येतो. खोक्यावर नुसते चिन्ह छापलेले पुरेसे नाही.

घरात बंदूक आलेलीच असेल, तर पाच नियम करा. तोंडावर नेम धरायचा नाही. डोळ्यांवर खेळाचा प्लास्टिकचा संरक्षक चष्मा हवा, काचेचा नको. टोक सैल झालेली गोळी फेकून द्यायची. गोळीच्या जागी खडा, काडी किंवा खिळा भरायचा नाही. मोठ्या भावंडांचा खेळ चालू असताना तीन वर्षांखालील मूल त्या खोलीत नसावे.

मुलांचा खेळ बंद करा, असे सांगण्याचा हेतू नाही. विहारातील बालवर्गात आणि महिला मंडळाच्या बैठकीत एवढे एक वाक्य जरूर सांगा: डोळ्याला गोळी लागली, तर दिसत असले तरी त्याच दिवशी डॉक्टर.